घरातले काही गायचे नाही

ता. ९ जानेवारी

चि. मनीस मामाचे अ. उ. आ.

चिरंजीवांचा नवा अल्बम आला त्या सकाळी मी देवापुढे दिवा लावला आणि न्याहारी न करताच दुकान उघडले. शटर अर्धेच वर केले, म्हणजे गिऱ्हाईक आत येऊ नये. एका दवाखान्याचा सोफा दुरुस्तीला आला आहे, त्याच्या उघड्या सांगाड्यावर फळी टाकून बसलो आणि कानात ती बोंडे खुपसून 'उंची' पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकला.

मला आवडला. हे आधीच लिहून टाकतो, कारण तू तुझ्या साप्ताहिकात त्यावर लिहिणार आहेस असे ताई म्हणाली, आणि तुझी लेखणी म्हणजे आमचा दाभण. कुठून आत शिरेल आणि कुठून बाहेर येईल, सांगता येत नाही. मने, या वेळी एक शिवी नाही. तिसऱ्या गाण्यात तर देवाचे नाव आहे. पहिल्या अल्बममध्ये शब्दांची नुसती दगडफेक होती. 'मागची खोली' त्याने खरोखरच दुकानामागच्या खोलीत, भिंतींना उरलेला फोम चिकटवून केला. मी इकडे सोफ्याला खिळे ठोकत असे, ती ठकठक सगळी त्यात उतरली आणि लोक त्यालाच ताल समजले. मला मेल्याहून मेल्यासारखे होई. आता सगळे कसे स्वच्छ आहे.

या बदलाला थोडा मीही कारण आहे. गेल्या वर्षी एका सकाळी पूजा आटोपल्यावर त्याला समोर बसवून मी चार शब्द सांगितले होते, की बाबा रे, घरातले घरात राहू दे, हात जोडून ऐकता येईल असे काही गा. त्याने ऐकले. पोरगा बापाचे ऐकतो हे आजच्या दिवसांत थोडे का आहे? तेव्हा जरा सांभाळून लिही. स्वतःला 'खिळा' म्हणवतो, पण आहे मेणाचा, हे तुला ठाऊक आहे.

ताईच्या गुडघ्याला शेक चालू ठेव. मामावर आहे ती माया असू दे.

तुझा मामा


ता. १६ जानेवारी

ती. मामांस मनीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईनं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, हा माझा भाऊ वकील कधीपासून झाला?

मामा, रागावू नका, पण तुमची वकिली टिकत नाही. मी दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकले. नव्यात दादा उंच इमारतींवर गातो, विमानावर गातो, गच्चीवरच्या पोहण्याच्या तलावावर गातो. आपला दादा! जो बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली नाही तर ओकतो. तिसऱ्या गाण्यातल्या देवाचं म्हणाल, तर तो कॅलेंडरवरचा देव आहे. भिंतीवरून उतरून कुणाच्या घरात गेल्याचं दिसत नाही.

आणि जुन्यातलं 'गादी' आठवा. मामी जाऊन महिना झालेला. मुलगा मागच्या खोलीत अभ्यासाला बसलाय. भिंतीपलीकडे बाप गादीत तोंड खुपसून रडतोय, पोराला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि पोरगा वहीची पानं मुद्दाम मोठ्यानं उलटतोय, आपण ऐकलं हे बापाला कळू नये म्हणून. मामा, एवढ्या चार ओळींसाठी मी माझी नोकरी करते. तुम्ही त्याला दगडफेक म्हणता?

मी त्याला फोन केला होता. म्हणाला, नाही आवडला तर तसं लिही. असं का केलंस म्हणून खोदून विचारलं, तर म्हणाला, उरलेलं तेवढंच होतं. आता सांगा, याचा अर्थ काय घ्यायचा? कंपनीनं मोठा स्टुडिओ दिला, चकचकीत कपडे दिले आणि आतला माणूस काढून घेतला. मी तसंच लिहिलंय, शुक्रवारी छापून येईल. 'खिळा विकला गेला' असा मथळा आहे. आपला म्हणून झाकपाक केली असती तर उद्या माझ्या शब्दाला कुणी विचारलं नसतं.

तुम्ही मात्र उगाच स्वतःकडे दोष ओढू नका. चार शब्द सांगितल्यानं कुणी इतकं बदलत नाही.

वाद घालणाऱ्या भाचीवरही जीव ठेवा.

तुमची मनी


ता. २३ जानेवारी

चि. मनीस अ. उ. आ.

तुझा लेख शेजारच्या काचवाल्याने आणून दिला. बोट ठेवून मथळा दाखवला आणि विचारले, हा आपलाच का? मी हो म्हणालो. त्याने पुढे काही विचारले नाही, हे त्याचे मोठेपण.

'गादी'बद्दल तू लिहिलेस, ते लेखक म्हणून तुला सोपे आहे. त्या गाण्यातला बाप तुला भेटत नाही, मला रोज दाढी करताना भेटतो. आमच्या रविवारच्या प्रार्थना मंडळात लाकडाचे वखारवाले आहेत, तू त्यांना पाहिले आहेस. ते गाणे त्यांच्या नातवाने त्यांना ऐकवले. प्रार्थना संपल्यावर सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारले, की अहो, गिऱ्हाइकाच्या गाद्या तुम्ही भिजवूनच परत देता काय? सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन जेवण गेले नाही. दुसऱ्या सकाळी चिरंजीवांशी बोललो ते याच भरात. आयुष्यभर ज्याने लोकांना बसायला दिले, त्याला चारचौघांत बसायला लाज वाटावी, हे तुला कसे कळावे?

असो. तो परवा आला होता. जेवताना मी नव्या अल्बमची तारीफ केली. तो बरं म्हणाला आणि भाताकडे बघत राहिला. जेवण झाल्यावर मागच्या खोलीत गेला आणि भिंतींचा फोम ओरबाडून काढू लागला. कशाला रे, असे विचारले, तर म्हणाला, तुमच्या कामाला येईल, इथे आता काय ठेवायचंय. तुकडे नीट आकाराप्रमाणे रचून दिले. माझ्याकडे लहानपणापासून शिकलेला आहे, हात अजून चुकत नाही.

मने, एक मागणे आहे. तो 'विकला गेला' हा शब्द पुढच्या अंकात मागे घे. का ते विचारू नकोस. तो विकला गेलेला नाही एवढे माझ्याकडून घे. हल्ली मी सकाळी दिव्यापुढे बसतो, पण नजर वर होत नाही, वातीशीच अडकून राहते.

तुझ्याबद्दल मनात काही नाही. तूही ठेवू नकोस.

मामा


ता. ४ फेब्रुवारी

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला लिहू की नको, असं तीन दिवस चाललं होतं. आई म्हणाली, लिही, तो बाप आहे.

शनिवारी दादाचा इथं कार्यक्रम झाला. मी मागे उभी होते. नव्यातली दोन गाणी झाली आणि लोक 'गादी', 'गादी' ओरडायला लागले. आधी प्रेमानं, मग हट्टानं. तो माईकवर म्हणाला, ते मी गात नाही. मग शिट्ट्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेतल्या मुलांनी एक फलक वर धरला, त्यावर माझाच मथळा होता, मोठ्या अक्षरांत. मामा, माझा! कुणीतरी पाण्याची बाटली फेकली, ती त्याच्या खांद्याला लागली. त्यानं ती उचलली, बाजूला नीट उभी ठेवली आणि उरलेली सगळी गाणी गायला. अर्धं सभागृह रिकामं झालं तरी थांबला नाही.

मी आत जाऊन त्याच्या पाया पडायचीच बाकी होते. तोच मला म्हणाला, रडू नको माकडे, तू लिहिलंस त्यात ऐकणाऱ्याच्या बाजूनं काही खोटं नाही. मी म्हटलं, मग कंपनीला सांग की तुला जुनं गायचंय. तो हसला. कंपनीच तर हात जोडतेय, म्हणाला, की पुढचा अल्बम 'मागची खोली'सारखा दे, नाहीतर आपला रस्ता वेगळा. मग देत का नाहीस? तर म्हणाला, मी बांधलेला आहे, आणि कुणाशी ते विचारलंस तर तुझ्याशी बोलणं बंद करीन.

मथळा मी मागे घेतेय, या शुक्रवारी. पण मामा, बांधलेला म्हणजे काय? तुम्ही 'का ते विचारू नकोस' लिहिलं होतं. आता विचारते.

उत्तर काहीही असलं तरी मी तुमचीच भाची.

मनी


ता. १० फेब्रुवारी

चि. मनीस मामाचे आशीर्वाद, ते तुला अजून हवे असतील तर.

मी 'चार शब्द सांगितले' असे लिहिले होते. सांगितले नव्हते, बांधले होते. त्या सकाळी तुझ्या मामीची तसबीर भिंतीवरून उतरवली, त्याचा हात धरून काचेवर ठेवला आणि वदवून घेतले, की घरातले काही गायचे नाही. देवासमोर. एवढा वाढलेला मुलगा, पण त्याने हात ओढून घेतला नाही. फक्त विचारले, की काहीच नाही का? मी म्हणालो, काहीच नाही.

मला वाटले होते, घर वगळले तरी जग केवढे मोठे पडले आहे, गाईल त्यातले काही. त्याच्याजवळ घराखेरीज काही नव्हते हे बापाला कळायला हवे होते. आई, मी, मागची खोली, खिळे, फोम. हे सगळे काढून घेतले आणि उरले त्याची मी तारीफ केली. 'उंची' मला आवडला असे तुला लिहिले, तेव्हाही ऐकताना मी दर गाण्यात आपले घर शोधत होतो, आणि सापडले नाही की सुटल्यासारखे वाटत होते. वर लोकांनी त्याला विकाऊ म्हटले, आणि मी दुकानात बसून दुसऱ्यांच्या सोफ्यांना पट्ट्या ठोकत राहिलो. एक वाक्य बोललो असतो तर बाटली लागली नसती. मला माझे हसे व्हायला नको होते, म्हणून त्याचे होऊ दिले.

आमच्या गावच्या शाळेत पोरे ऊठसूट शपथा घालत. त्यात एक नियम मात्र सगळे पाळत. ज्याने शपथ घातली, त्यानेच ती सुटली म्हणायचे. दुसऱ्या कुणाच्या सांगण्याने, मास्तरांच्यासुद्धा, ती सुटत नसे. तुझे पत्र वाचून तेच डोक्यात घुमत राहिले.

काल रविवार. आधी मंडळात गेलो. माझा माझ्यावर भरवसा नव्हता. हसण्याची भीती शिल्लक ठेवून त्याला मोकळे केले असते, तर पुन्हा कधी मागे फिरलो असतो. प्रार्थना संपल्यावर उभा राहिलो आणि वखारवाल्यांना म्हणालो, की ते गाणे खरे आहे, मी तसाच रडत असे, आणि माझ्या मुलाने ते सांगितले यात त्याने काही वावगे केलेले नाही. कोणी हसले नाही असे नाही. एकजण हसला. वखारवाले चप्पल शोधत बसले.

तिथून तडक त्याच्या खोलीवर गेलो. तो कपडे वाळत घालत होता. मला दारात पाहून घाबरला, आत्याला काही झाले का म्हणाला. मी आत पाऊल टाकायच्या आधीच बोलून टाकले, कारण बसलो असतो तर पाणी मागितले असते, मग हवापाण्याचे बोललो असतो आणि परत आलो असतो. म्हणालो, शपथ सुटली. आईच्या तसबिरीवरची. मी घातली होती, मीच सोडतो.

तो काही आनंदला नाही. ओला सदरा हातात तसाच धरून राहिला. मग म्हणाला, की दार उघडले म्हणून लगेच आत जाता येईलच असे नाही, बाबा. मी म्हणालो, नाही येणार, ठाऊक आहे. म्हणाला, लोक पुन्हा तुम्हाला हसतील. मी म्हणालो, आजच हसून झाले.

त्याने सदरा झटकून दोरीवर टाकला. शेवटी खाली बघत त्याने विचारले, की तेव्हा तुम्ही त्या गादीत तोंड घालून काहीतरी बोलायचा, ते काय होते? आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत.

मने, ते मी आजवर देवाखेरीज कोणाला सांगितले नव्हते. त्याला सांगितले. शब्दन् शब्द सांगितला. तुला लिहीत नाही, ते आता त्याचे आहे.

ताईला सगळे वाचून दाखव. ती रागावली तर रागावू दे, पण दोघींनी या माणसाला अगदीच दूर करू नये.

तुझा मामा