मागच्या पुलीची चीर

७ फेब्रु., शनि.
वडाळ्याहून गाडी परत आणली. सिग्नलला क्लच सोडला की मागच्या चाकातून कट-कट येते, तीन आठवडे सांगतेय. उमेश म्हणाला, "ताई, पुली खोलून बघितली. बोल्ट टाइट, बेल्ट ओके. बिनधास्त चालव." हा मावसभाऊ तिथे मेकॅनिक आहे म्हणून तर त्या सर्व्हिस सेंटरला देते. सुपरवायझर मधेच, "मॅडम, हेवी गाडी आहे, लेडीजना आवाज जरा जास्तच येतो."
लेडीजना. तेरा वर्षं बाइक चालवतेय, मेल्या.

१० फेब्रु., मंगळ.
आवाज आहेच. कमी झालाय, पण आहे. उमेशला व्हॉइस नोट टाकली. उत्तरात नुसता अंगठा.

१४ फेब्रु., शनि.
पडलो. आईला दादरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं, परत येताना हिंदमाताच्या पुलावर. ठाण्णकन आवाज. इंजिन ओरडतंय नि गाडी पुढे जात नाही. मग मागचं चाक जाम. मागचा टॅक्सीवाला वेळेत थांबला, नाहीतर...
मला खरचटलं. आई हातावर पडली. उजवं मनगट मोडलंय. आमच्याच हॉस्पिटलला नेलं, एक्स-रे मीच काढला. रोज चाळीस जणांचे काढते. आज दोनदा काढावा लागला, पहिला हलला. आई नाही हलली, मी हलले.

१५ फेब्रु., रवि.
गाडी टेम्पोत घालून लालबागला आणली, दत्ता मिस्त्रींकडे. वडाळ्याला मुद्दाम नाही पाठवली. मिस्त्रींनी चाक खोललं. बेल्ट ज्या दातेरी पुलीवरून मागचं चाक फिरवतो ती पाच बोल्टांवर बसते. तीन तुटलेले, दोन हलताहेत, भोकं लांबट झालेली. एका भोकापासून पुलीचा टवकाच उडालाय. तो उन्हात धरून म्हणाले, "बघा, इथवर काळं. बेल्टचा भुगा बसलाय, ही चीर जुनी. पुढचं चकचकीत, ते काल तुटलं."
काळंच जास्त.
म्हणजे ७ तारखेला चीर होती. नि हा म्हणे खोलून बघितली.

१७ फेब्रु., मंगळ.
सुपरवायझरचा फोन. तुटलेली पुली जमा करा, नवीन बसवून देतो. "ओव्हरलोडिंगची केस वाटतेय, मॅडम." आईचं वजन बेचाळीस किलो. म्हटलं, पुली मिळणार नाही, जे काय वाटतंय ते लेखी द्या. फोन कट.

१८ फेब्रु., बुध.
आईशी कडाक्याचं वाजलं. तक्रार लिहून तयार आहे, सोबत सर्व्हिसच्या जॉब कार्डाची झेरॉक्स, त्यावर 'पुली तपासली', खाली उमेशची सही.
"उम्याची नोकरी जाईल. माझ्या बहिणीचं पोर आहे ते."
"हात कोणाचा मोडलाय, आई?"
"माझा. मग मी ठरवीन."
डाव्या हाताने भात खाते, अर्धा सांडते. भरवू देत नाही. चार दिवसांत भाच्याने एक फोन केलेला नाही.

२१ फेब्रु., शनि.
उमेश आला. खोक्यात नवी पुली, पिशवीत सफरचंदं. "जय भीम, मावशी." दारातच अडवला.
"चीर दिसली होती का?"
"नाही, ताई."
"काळी पडलीय ती. आंधळा आहेस?"
खाली बघत, "खोललंच नव्हतं. गाड्या तुंबल्या होत्या. साहेब बोलला, वरवर आवळ नि सही मार."
हात उचलला मी. आई आतून म्हणाली, "मार." आवाज असा होता की मलाच मारता येईना.
"अशा किती गाड्यांवर सही मारलीस?"
"आपल्या मॉडेलच्या? अजून सहा."
आई उठली. पिशवी नि खोकं दोन्ही बाहेर ठेवायला लावलं त्याला.

२२ फेब्रु., रवि.
सकाळी आठला बोलावून घेतला. सहाही जॉब कार्डांचे फोटो आहेत त्याच्याकडे. समोर बसवून, स्पीकरवर, एकेकाला फोन लावायला लावले. "मी मागची पुली तपासली नव्हती. गाडी काढू नका." हेच वाक्य, सहा वेळा. पहिला हसला, त्याला मस्करी वाटली. एका बाईने आईबहीण काढली, गुमान ऐकून घेतलं. ऐकायलाच हवं. पाच झाले, पाचही गाड्या घरीच उभ्या आहेत.
सहावा उचलेना. कार्डावर घरचा नंबर होता, त्यावर भाऊ बोलला. "दादा वहिनीला घेऊन पहाटेच महाबळेश्वरला निघाला. का हो?"
उमेशकडून फोन हिसकावून मीच सांगितलं. भाऊही लावतोय म्हणाला.
तक्रार उद्या पोस्टात टाकणार. आईने आज विचारलं नाही. उमेशला माफ मी केलेलं नाही, करणारही नाही.
साडेदहा. उमेश गॅलरीत उभा राहून परत परत लावतोय. घाटात रेंज नसते, म्हणतो. आई त्याच्याशेजारी जाऊन उभी आहे. रिंग गेली की दोघं ताठ होतात. आता परत रिंग जातेय.