माय वाट देखस

धुळे
१४ जुलै २०२५

चि. सौ. सारिकास,
अनेक आशीर्वाद. इतके दिवस काही कळवलं नाही, तुझे फोनही उचलले नाहीत, त्याबद्दल माफ कर. कॉलेजात परीक्षेचं काम होतं असं लिहिणार होते. पण काम संपून पंधरवडा झाला.

आईची तब्येत तशी सुधारते आहे. उजवा पाय टेकवते, भिंतीला धरून गॅलरीपर्यंत जाते. तुझ्याकडे एरंडोलला राहिली तर एवढं होणार नाही, हे तिला घेऊन निघताना मी तुला जरा जास्तच ठासून सांगितलं होतं. खाणं मात्र तुटलंय. कळण्याची भाकरी दुधात कुस्करून दिली तरी दोन घासांत तोंड फिरवते. वजन उतरतंय. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर नळी घालावी लागेल.

झटका आल्यापासून ती फक्त अहिराणी बोलते, हे तू पाहिलंच आहेस. डॉक्टरांच्या मते, मागाहून शिकलेलं आधी जातं. मी त्यावर विचार करत बसले. माझ्या घरी आली की ती जपून जपून ‘आहे’, ‘नाही’ म्हणायची. मला वाटायचं, तिला सवय झाली. ती माझ्याच घरात पाहुण्यासारखी बोलत होती, सारिका.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते. ती मला ओळखत नाही. मी “आई, जेवून घे” म्हटलं की डोक्यावर पदर ओढते आणि मला “मॅडम” म्हणते. मी दवाखान्यातली कुणी बाई आहे, असं ती समजते आहे. काल माझा हात धरून हळूच म्हणाली,

“मॅडम, मनी मोठी पोर बी आठेच धुयाले ऱ्हास. भलती शिकेल शे, तिले टाईम नई भेटस. तिले सांगा, माय वाट देखस.”

मी, तिची धुळ्यात राहणारी मोठी पोर, “सांगते” म्हणाले. शुद्ध मराठीत.

म्हणूनच मी तुझे फोन उचलत नव्हते. तुझा आवाज ऐकून ती खुलली असती, पोटभर जेवलीही असती, आणि मी ताट धरून उभी राहिले असते. आई झोपलीय असा मेसेज दोनदा केला, तेव्हा ती माझ्यासमोर टक्क जागी होती.

लहानपणी आपण दोघी तिला ‘माय’ म्हणायचो. तू अजून म्हणतेस. मी जळगावला होस्टेलला गेले आणि परत येताना ‘आई’ घेऊन आले. काल स्वयंपाकघरात दार लावून म्हणून पाहिलं. नाटकात काम केल्यासारखं वाटलं. जेवावं म्हणून शब्द वापरायचा, ही फसवणूकच ना? की शब्द तिचाच आहे, मी फक्त परत देते आहे? ठरत नाही.

तिने तुझ्याकडे यायचं म्हटलं तर मी आणून सोडीन, अडवणार नाही. पण त्याआधी एकदा तिच्या मोठ्या पोरीने तिला भेटायला हवं. हे पत्र मिळालं की दुपारी फोन कर, उचलीन. तिच्या कानाला लावीन.

तुझी,
अक्का

उद्या सकाळी: चहा देताना म्हणायचं, “ऊठ वं माय.”