पंचेचाळीसच्या जागी शून्य

मी, खाली सही करणारा, वय वर्षे साठ, धंद्याने ध्वनिसंपादक, सध्या घरीच, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डोळे नाहीत. साखरेने ते गेल्या चार वर्षांत बरेचसे खाल्ले. संगणकाच्या पडद्यावर अक्षर वीतभर मोठे केले तर टाइप करता येते. छापलेला कागद मात्र मला कोराच दिसतो. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही, कोणी गोड बोलून काही लिहून घेतलेले नाही. पूर्ण नाव, पत्ता आणि ओळखपत्राचे आकडे वकीलबाईंनी पहिल्या पानावर घातले आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

माझ्या मागे एकच माणूस राहील, माझी मोठी बहीण. तिला या कागदात मी ताईच म्हणेन, दुसरे काही म्हणण्याची सवय नाही. वय पासष्ट. दोघेही बिनलग्नाचे. आईवडील गेल्यापासून एकवीस वर्षे आम्ही एका घरात राहतो.

कलम १. चौथ्या मजल्यावरचे राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या कमाईचे आणि माझ्या एकट्याच्या नावावरचे, माझ्या मृत्यूनंतर ताईला मिळावे. (हे कलम आता लागू नाही. का, ते शेवटी येईल. वकीलबाई म्हणाल्या, काढून टाका. ताई म्हणाली, राहू दे, लोकांना कळू दे तू आधी काय ठरवलं होतंस.)

कलम २. बँकेत जे काही असेल ते ताईला. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे दोन मायक्रोफोन, रेकॉर्डर, स्टँड आणि वायरींची पेटी, दृष्टिहीनांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या वाचनालयाला द्यावीत. तिथे ताई नऊ वर्षे दर शनिवारी जाऊन वाचत असे. अडतीस पुस्तके तिच्या आवाजात आहेत. मग तिने जाणे बंद केले. तिथल्या ग्रंथपालबाईंचा तीनदा फोन आला. "अहो, लोक विचारतात, त्या बाई कुठे गेल्या?" ताईने तिन्ही वेळा सांगितले, घसा बरा नसतो. तिच्या घशाला काहीही झालेले नाही. काय झाले ते कलम ६ मध्ये आहे.

कलम ४. निवृत्तीच्या दिवशी, संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या आमच्या कंपनीच्या साहेबांनी मला टेबलावरचे घड्याळ दिले होते. ते त्यांना परत करावे. सोबत चिठ्ठी नको. ते पहिल्या दिवसापासून सात मिनिटे पुढे आहे आणि साहेबही तसेच होते. प्रत्येक गोष्टीचे कारण त्यांना ती होण्याआधी हवे असायचे.

कलम ५. माझे चांगले हेडफोन आमच्या कथालेखकाला. त्याच्याशी मी अकरा वर्षे बोललो नाही. ऑफिसात सगळ्यांना वाटायचे, त्याने माझा काही अपमान केला असणार. तसे नाही. एका बैठकीत तो बरोबर होता आणि मला ते माहीत होते, एवढेच. तेव्हापासून मला त्याचे तोंड बघवत नसे.

कलम ६. हे कलम मालमत्तेचे नाही.

आम्ही 'काजळगड' नावाचा संगणकावर खेळायचा खेळ केला. खेळणाऱ्याने एका शापित किल्ल्यातून वाट काढायची, सोबतीला चार जण. त्यातली एक वाटाडी, हातात कंदील घेतलेली मध्यमवयीन बाई. नदीच्या प्रसंगात जखमी कप्तान मागे राहतो. होडीत चाळीस गावकरी असतात. ही बाई होडी मागे फिरवू देत नाही. कप्तान जातो, गावकरी वाचतात. लोकांनी यावर भांडावे म्हणूनच कथालेखकाने ते तसे लिहिले होते.

वाटाडीच्या आवाजासाठी कोणी सापडत नव्हते. तात्पुरते चार संवाद हवेत म्हणून मी ताईला स्टुडिओत नेले. ती म्हणाली, "मी काय बोलणार? मी दाताच्या दवाखान्यात फोन उचलते."

"तसंच बोल. फक्त हातात कंदील आहे असं समज."

कथालेखकाने ऐकले आणि म्हणाला, "आता दुसरं कोणी शोधलंत तर मी नोकरी सोडीन." ताई त्या दिवशी घरी येईपर्यंत मधूनमधून हसत होती.

वाटाडीचे एक वाक्य होते. खेळणारा दाराशी गेला की ती म्हणायची, "थांब. आधी विचार केलास का?" अशा प्रत्येक वाक्यापुढे एक आकडा असतो. तेच वाक्य पुन्हा ऐकू येण्याआधी किती मिनिटे जावीत, तो आकडा. सगळ्यांचा पंचेचाळीस ठरला होता. तपासणीच्या वेळी मी तो शून्य करून ठेवत असे, म्हणजे दर वेळी ताटकळावे लागत नाही. काम संपले की पुन्हा पंचेचाळीस. तिघांचे आकडे मी बदलले. ताईचे काम निवांतपणे करू म्हणून शेवटी ठेवले. खेळ पक्का करायच्या शेवटच्या दिवशी फायली ठरल्यापेक्षा तासभर आधीच बंद करून घेतल्या गेल्या, आणि मी झाले असे समजून घरी गेलो.

खेळ बाजारात आल्यावर तिसऱ्या दिवशी मी घरी खेळायला बसलो. पहिल्या दाराशी ती बोलली. दुसऱ्या दाराशी बोलली. कपाट उघडले, बोलली. काजळगडात तीन हजारांवर दारे आणि कपाटे आहेत. मी यंत्र बंद केले आणि चूक माझी आहे हे कोणालाच सांगितले नाही.

तोपर्यंत लोकांनी लिहायला सुरुवात केली होती. ती आगाऊ आहे. कप्तानाला मारून वर तोंड करून शहाणपणा शिकवते. माझ्या आईसारखी बोलते, मी खेळायला बसतो ते आईपासून सुटायला. एकाने नदीच्या प्रसंगावर चाळीस पानी निबंध लिहिला, त्यात न्याय म्हणजे काय इथपासून सुरुवात होती. तिची बाजू घेणारेही होते. ती बरोबर आहे म्हणूनच तुम्हाला झोंबते, असे ते म्हणायचे, आणि छातीवर कंदिलाचा बिल्ला लावून फिरायचे. दोन तट पडले. मी दोन्हीकडचे वाचायचो आणि मला सगळीकडे माझे शून्य दिसायचे. नदी पार करेपर्यंत जिने सहाशे वेळा तोच प्रश्न विचारला, तिने कप्तानाला वाचवले असते तरी लोक म्हणाले असते, कशाला वाचवलंस?

पण बहुतेकांचे शेवटचे वाक्य एकच असे. तो आवाज बंद करा.

मग कोणीतरी दवाखान्याचा नंबर शोधला. फोन यायचा, "दाढ दुखतेय हो, काढू का?" ताई म्हणायची, "थांबा, डॉक्टरांना विचारते," आणि पलीकडे पाचसहा जणांचा हशा फुटायचा. दिवसाला वीस फोन. डॉक्टर भला माणूस, म्हणाला, "ताई, थोडे दिवस घरी राहा." ती घरी राहिली ती राहिलीच.

साहेबांनी बैठक बोलावली. "लोकांना ती का आवडत नाही? मला कारण हवंय. एकच."

कथालेखक म्हणाला, "नदी बोचते. बोचायलाच हवी. पण एवढा राग नदीचा नाही, दुसरं काहीतरी आहे. ते शोधा."

साहेब माझ्याकडे वळले. "तुमचं काय मत? बहीण आहे म्हणून संकोच नको."

त्या खोलीत दहा माणसे होती. त्या महिन्यात चौघांना काढले होते. मी म्हणालो, "आवाजच असेल कदाचित."

कथालेखक ताडकन उठला. "आवाजात काडीची खोट नाही!" आणि मला म्हणाला, "तुम्ही तरी असं बोलू नका हो."

अकरा आठवड्यांनी सुधारित खेळ निघाला. त्यात वाटाडीचे सगळे संवाद दुसऱ्या नटीच्या आवाजात होते. त्यातच, 'किरकोळ दुरुस्त्या' या सदरात, मी शून्याचे पंचेचाळीस केले. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी लोकांच्या हाती गेल्या. लोकांनी लिहिले, आता कशी छान वाटते, आवाजच भिकार होता. काही जण तरीही तिचा द्वेष करत राहिले, कारण तोवर त्यांची कारणे पाठ झाली होती. पण साहेब खूश झाले.

ताईने विचारले, "खरं सांग. माझ्या आवाजात काय आहे?"

"काही नाही गं."

"काही नाही म्हणजे?"

मी पाणी प्यायला उठलो. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. पण तेव्हापासून ताई पुटपुटते. दुकानात बोटाने दाखवते. दाराची घंटा वाजली की मला ढकलते. आणि आता माझे डोळे गेल्यावर माझ्या बाटलीवरचे नाव, विजेचे बिल, दारातली चिठ्ठी, सगळे तीच वाचून सांगते, तशीच, ओठांतल्या ओठांत. मला निम्मे ऐकू येत नाही. "मोठ्याने बोल ना," एवढे म्हणायची माझी छाती होत नाही. दोन खोल्यांत आम्ही असे राहतो. तिला जायला दुसरीकडे जागा नाही आणि मला तिच्याशिवाय खालच्या रस्त्यावरही उतरता येत नाही.

कलम ७. कलम ६ माझ्या मृत्यूनंतरच ताईला कळावे, असे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते. वकीलबाईंनी तो पडद्यावर वाचला. चष्मा काढला असावा, खट्ट आवाज आला. "म्हणजे त्यांनी भांडायचं कुणाशी? रिकाम्या खुर्चीशी?"

मी टेबलाची कड चाचपत राहिलो.

"बरं, तुमचा प्रश्न. तुम्हाला वाचता येत नाही, तेव्हा सही करण्याआधी सगळा कागद कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवायला हवा. उद्या माझा कारकून येईल. स्पष्ट वाचतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला. "कारकुनाला पाठवू नका."

"मग कोण वाचणार?"

"ताई."

पलीकडे पंखा बंद झाला. मग त्या म्हणाल्या, "जमेल तुम्हाला?"

मी म्हणालो, जमणार नाही, म्हणून तर आजच करतो.

कलम ८. हे कलम वाचनानंतर जोडले आहे.

ताई खिडकीशी उभी राहून वाचत होती. घराच्या कलमाला म्हणाली, "हे कशाला, मीच आधी जाईन." घड्याळाच्या कलमाला हसली. सहाव्या कलमात बैठकीपर्यंत आली आणि साहेबांचे वाक्य वाचले. माझे वाक्य वाचले नाही.

"पुढे वाच, ताई."

"तूच वाच."

"मला दिसत नाही."

"मग बस तसाच."

ती आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. तीन दिवस ताट टेबलावर आपटले जायचे, तेवढाच तिचा आवाज. गोळ्या मी बाटलीच्या आकारावरून घेतल्या. एकदा चुकलो. उलटी झाली तेव्हा तिने बादली आणून ठेवली आणि पुन्हा कडी लावली.

चौथ्या दिवशी सकाळी ती समोर येऊन बसली. "घर मला मेल्यावर नको. आत्ता दे."

"आत्ता म्हणजे?"

"आत्ता म्हणजे आत्ता. घर तुझं, मी तुझ्या आसऱ्याला, म्हणून अकरा वर्षं एक प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही. तू उठून पाणी प्यायलास, मी गप्प बसले. आता तू राहा माझ्या घरात. बघ कसं वाटतं."

बक्षीसपत्राची नोंदणी गेल्या सोमवारी झाली. या घरात मी आता तिच्या मर्जीने राहतो, आणि कलम १ मध्ये देण्यासारखे काही उरलेले नाही. रिक्षातून परत येताना मी चेष्टेने विचारले, "भाडं किती, मालकीणबाई?" तिने रिक्षाचे पैसे दिले आणि मला हाताला धरून वर आणले. मग कपाटातून काहीतरी काढून टेबलावर टाकले. चार वेळा धप्प झाले.

"वह्या आहेत. लोकांनी लिहिलेलं सगळं मी उतरवून ठेवलंय. आवाजात नेमकं काय वाईट आहे ते शोधत होते."

चार वह्या, दोनशेपानी. बाजूच्या खोलीत, माझ्या नकळत.

भाडे असे ठरले. रोज संध्याकाळी ताई वह्यांतले वाचणार, मी ऐकणार. प्रत्येकाला मी सांगायचे, हा राग आकड्याचा, नदीचा, की आवाजाचा. खोटे बोललो असे तिला वाटले तर ते पुन्हा वाचायचे. सगळ्या वह्या संपेपर्यंत मला मरायची परवानगी नाही, असेही तिचे म्हणणे आहे. हे कायद्यात बसत नाही, पण तिने ते इथे लिहायला लावले आहे. पहिल्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरचा शिंपी वर आला आणि म्हणाला, "कोण पाहुणे आलेत? कुणी बाई भांडतायत का?"

आजवर एकशे बारा वाचून झाले. नव्वदांपुढे ताईने 'आकडा' लिहिले, चौदांपुढे 'नदी'. आठांवर आमचे भांडण चालू आहे. काल एकाचे निघाले, "ही बाई बोलली की मला माझी आत्या आठवते."

मी म्हणालो, "हा मात्र आवाज."

"पण हे वाईट आहे की चांगलं?"

"आत्या कशी होती त्यावर आहे."

"ते त्याने लिहिलेलं नाही," ताई म्हणाली, आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढले.

वरील आठही कलमे मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवली गेली. मी ती ऐकली, मला ती समजली, आणि ती खरी आहेत म्हणून मी सही करतो.

सही (बोटाने जागा दाखवल्यावर केलेली)

ठिकाण: ताईचे घर, चौथा मजला
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२६, मंगळवार

साक्षीदार, ज्यांनी एकमेकांसमोर आणि सही करणाऱ्यासमोर सह्या केल्या:
१. खालच्या मजल्यावरचा शिंपी
२. दाताच्या दवाखान्यातले डॉक्टर, आता निवृत्त

वाचून दाखवणार: मोठी बहीण. साक्षीदार नाही. वाचन कलम ६ पाशी दुसऱ्यांदाही थांबले, पाणी पिण्यापुरते. पाणी तिने स्वतः आणले.