उजव्या चाकाचा आवाज

प्रिय अमिता,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. भात कापून झालं. पोह्यांचं भात आईने तुझ्यासाठी वेगळं ठेवलंय. मी इकडे एक उद्योग करून बसलो. गाडीच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगा बदलल्या, घरीच, अंगणात. आपल्या शेजारच्या सखाच्या बायकोला, अंबूबाईला, आता सोमवारी आणि गुरुवारी महाडला डायलिसिसला न्यावं लागतं. वाडीत गाडी एकच, आपली. पोलादपूरचे रिक्षावाले वरचा रस्ता बघूनच हात जोडतात. जुन्या स्प्रिंगा पार बसल्या होत्या. गाडी खड्ड्यात आपटली की ती बाई ओठ आवळून घ्यायची, ते मला आरशात दिसायचं. म्हणून महाडहून नव्या आणल्या, जॅक लावला आणि एका दिवसात काम उरकलं. मुंबईत तीस वर्षं गॅरेजात काढलेल्या माणसाला हा डाव्या हातचा मळ.

दुसऱ्याच खेपेला तक्रार आली. महाडला उतरल्यावर सखा माझ्यापुढे येऊन म्हणाला, "सोमा, ती मघापासून इचारतेय, मागं काय करकरतंय? तुझं आपलं ध्यानच नाय!" मी म्हटलं, नव्या आहेत, बसतील दोन दिवसांत. पण मनाला लागलं ना गं. बोनेट न उघडता नुसत्या आवाजावरून दुखणं सांगणारा मी, आणि माझ्या हातची गाडी करकरते? घरी येऊन चाकं काढली. स्प्रिंगांची टोकं खाचेत नीट बसलेली, खालची रबरं जागच्या जागी, नट घट्ट. दोष कुठेच दिसेना. मग आईला मागच्या सीटवर बसवलं आणि सांगितलं, आवाज आला की ज्या बाजूने येईल त्या खांद्यावर थाप मार. ती म्हणाली, "तोंडानं सांगते की, मारायचं कशाला?" मी इंजिनाच्या घरघरीचं कारण पुढे केलं. शेताच्या वाटेने दोन फेऱ्या मारल्या. उजव्या खांद्यावर अशा थापा बसल्या की लग्नापासूनचा राग तिने एकदाच काढून घेतला असावा.

उजवी बाजू कळली. मग सखाला गाडी वरून दाबायला लावली आणि मी खाली झोपून एकेक भाग तळहाताने चाचपला. मागची चाकं जागेवर धरून ठेवणाऱ्या आडव्या दांड्याच्या रबरापाशी हाताला थरथर लागली. चूक माझीच. चाक हवेत लोंबकळत असताना मी तिथला बोल्ट आवळला होता. तो आवळायचा असतो गाडी खाली उतरवून, तिचं वजन चाकांवर आल्यावर. नाहीतर रबराला पीळ बसतो आणि ते ओरडत राहतं. हे मी कितीतरी पोरांना शिकवलंय, कुणी चुकला तर कान पिळलाय. बोल्ट सैल केला, गाडी उतरवली, पुन्हा आवळला. आई म्हणते आवाज गेला. सखा म्हणतो गेला. मला तो आधीही ऐकू आला नव्हता.

आता परवाच्या गुरुवारचं सांगतो. आपल्या रस्त्यावरून हायवेला लागलो आणि सखाने माझ्या उजव्या खांद्यावर दणादण थापा मारल्या. आईचा तो प्रकार त्याने पाहिला होता. मला वाटलं, करकर परत सुरू झाली. म्हणून मी भर रस्त्यात गाडी हळू केली, नीट ऐकून तरी बघावं म्हणून. कशेडी घाटातून उतरलेला ट्रक मागून येऊन इतका खेटून गेला की उजवा आरसा मिटला. आतल्या आरशात अंबूबाईचं तोंड उघडं दिसत होतं. ती किंचाळत होती, अमिता, आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं. सखा तोंडापुढे येऊन ओरडला, "हॉर्न वाजवून वाजवून मेला तो ट्रकवाला, तुझं ध्यान कुठं हाय?" मी म्हटलं, विचारात होतो.

गणपतीत तू म्हणालीस, बाबा, कान दाखवून घ्या. मी चारचौघांत तुझ्यावर खेकसलो आणि तू न जेवता उठलीस. चुकलो गं मी. मला तेव्हाही कळत होतं. मेकॅनिकचा कान गेला हे कुणाला सांगवत नाही, स्वतःच्या लेकीलाही नाही.

फोन केला असता, पण तू काय म्हणालीस ते मला कळलं नसतं. हल्ली तुझा फोन आला की मी दोनदा "हो, हो" म्हणतो आणि आईकडे देतो. आईला खरं सांगितलं तर ती सखाला सांगणार. मग तो अंबूबाईला माझ्या गाडीत बसवणार नाही, आणि दुसरी गाडी नाही. नेलं तर हे असं, न नेलं तर ती किती दिवस काढेल? मी काय करू, एवढंच तुला विचारायला बसलो होतो. आज शनिवार. पत्र तुला बुधवारी मिळेल. सोमवारी सकाळी सहाला ती दोघं गाडीपाशी येऊन उभी राहतील.

तुझाच,
बाबा