कडव्या वालाचं कुळ

५ फेब्रुवारी २००७, सोमवार

नाही जुळलं! कशाशीच नाही!

प्रथिनं कापणारी एन्झाइम्स आणि त्यांना अडवणारे पदार्थ — जगातल्या अशा सगळ्यांची इंटरनेटवर यादी आहे. प्रत्येकाला कुळ, कुटुंब, नंबर. थेट वधूवर सूचक मंडळच! सिल्व्हर पार्कच्या सायबर कॅफेत बसून माझ्या वालातल्या पदार्थातल्या अमिनो आम्लांचा क्रम तिथे टाकला. वर्षभर कुटून-गाळून शुद्ध केलेला हा आडमुठा पोटातल्या एन्झाइमला कामच करू देत नाही. उत्तर — एकही नातेवाईक नाही!

गाईड म्हणाले होते, "नवं कुटुंब निघालं तरच प्रबंध पाठवू मॅडम. नाहीतर अकरावीचे वर्ग आहेतच." सत्तेचाळिसाव्या वर्षी असं प्रोत्साहन! यादीवाल्यांना मेल टाकली.

९ फेब्रुवारी

उत्तर नाही. तीनदा कॅफेत. मालक म्हणतो, "मॅडम, शादी डॉट कॉम का?"

१४ फेब्रुवारी

आलं! "कुटुंब नवं दिसतंय. वनस्पतीची ओळख तज्ज्ञाकडून पक्की करून कळवा, मग नंबर देतो."

नंबर! कॅफेत ओरडलेच. घरी सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "वालाची ओळख? त्याला कशाला तज्ज्ञ?" आणि उठून देवापाशी गेल्या. मला वाटलं, आनंदाने.

१५ फेब्रुवारी

स्टाफरूममध्ये बॉटनीच्या सॅम्युएल सरांपुढे घरातली प्रयोगाच्या वालाची भरणी ठेवली. उत्तनचा माणूस, घरचा वाल लावणारा. एक बी दाताखाली धरली, थुंकली. "वाल न्हाय हे, मॅडम. कसलं तरी रानटी हाय. वेल दाखवा, फूल दाखवा, मग नाव सांगतो."

मी रसायनवाली. वाल मला फक्त ताटात ओळखू येतो!

घरी सासूबाई दारातच. "गेल्या शिमग्याला रत्नागिरीचे पाहुणे आले ना गं... तुझ्या वालाचं बिरडं केलं. भरणी रिकामी बरी दिसेना. नवघरच्या माझ्या मैत्रिणीच्या, शेवंतीच्या, कुंपणावर तसल्याच बिया होत्या. त्याच भरल्या."

रागवायचं विसरले. म्हणजे पदार्थ नवा आणि झाडही बिननावाचं! तशीच रिक्षा केली, नवघर.

कुंपण नाही. पत्रे ठोकलेत, आत खड्डा, वर टॉवरची पाटी. शेवंती म्हणाली, "वेल? ती दिवाळीतच उपटली की. का गं, हवी होती?"

१६ फेब्रुवारी

भरणी उलटी केली. अकरा बिया. प्रयोगशाळेत नेल्या नाहीत — कुंडीत पेरल्या. माती सासूबाईंनी आणली.