गोरिलांना सर्दी चालत नाही

८ जुलै २०१६, शुक्रवार
पहाटे साडेचारला बौशरच्या वाळूच्या टेकड्या. पायांत गमबूट, पाठीवर पाच किलो तांदूळ. तीन चढ न थांबता. गॅबनच्या जंगलात गुडघाभर चिखल असतो म्हणे, तेव्हा वाळूत रडून चालणार नाही. एका ओमानी मुलाने जीप थांबवली. "मामा, गाडी बिघडली?" (मामा म्हणजे इथे आई.) नाही म्हटलं, मुद्दाम चालतेय. बराच वेळ बघत राहिला.

अरविंद डिसेंबरात निवृत्त. मग इथलं खलास, पुणे. तिथून कोण जातंय गॅबनला. झूलॉजी घेऊन बी.एस्सी. झाले त्याला सदतीस वर्षं. रानातला गोरिला एकदा बघायचाच. आता नाही तर कधीच नाही.

१० जुलै
पिवळ्या तापाची लस घेतली. मल्याळी डॉक्टरीणबाईंना गॅबन कुठे ते कागदावर काढून दाखवलं. नवरा येणार का, विचारलं त्यांनी. म्हटलं, अरविंदला डास चावतात. मला चावत नाहीत असं त्यांना वाटलं असावं.

१४ जुलै
गॅबनच्या कॅम्पचं पत्र. आपली साधी सर्दी गोरिलांना लागली तर अख्खं कुटुंब मरू शकतं. निघण्याआधीच्या (मी ३० ला निघतेय) दहा दिवसांत सर्दी, खोकला, ताप आला असेल तर फॉर्मवर लिहायचं. खोकणाऱ्याने कॅम्पमध्येच बसायचं, गोरिलांकडे जायचं नाही. नियम योग्य आहे. मी केला असता तर हाच केला असता.

आजपासून शिकवण्या बंद. दहावीच्या निम्म्या मुली एसीत शिंकत असतात. एकीच्या आईचा फोन, "मॅम, तिला ओन्ली ॲलर्जी आहे." असू दे.

१७ जुलै
अरविंदच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा खोकतोय. अरविंदची गादी हॉलमध्ये घातली. "मलाही गोरिलाच समज ना थोडे दिवस," म्हणाला. हसले नाही. हसू आलं होतं.

२० जुलै
सहम गावाहून वन्संचा फोन. इथे सव्वीस वर्षं काढून नवराबायको कायमची निघाली चिपळूणला. रविवारी सकाळी विमान, म्हणून शनिवारी रात्री आमच्याकडे मुक्काम, असं त्यांनी धरलेलंच. आणि फोनभर खोकत होत्या.

सांगून टाकलं. मत्रहला, बंदरापाशी, हॉटेलची खोली घेते, जेवण पाठवते, घरी नको. मग म्हणाल्या, "इथलं माझं माहेर म्हणजे तुझंच घर गो, निर्मला."
मी हॉटेलचा पत्ता सांगितला.
"बरं. तुझी माकडं सांभाळ."
अरविंद ताटावरून उठला. बोलला असता तर बरं.

२२ जुलै
टेकड्या. पाच चढ. ९३ साल डोक्यातून जात नाही. मला कांजिण्या झाल्या, तेव्हा ओळखीतलं कुणी दारात येईना. वन्सं सहमहून बसने आल्या, तीन आठवडे राहिल्या. आपल्याला होतील याचा विचार तेव्हा त्यांनी केला नव्हता.
पण तेव्हा त्यात गोरिले मरणार नव्हते.

२३ जुलै, शनिवार
अरविंद साडी घेऊन एकटाच जायचा होता. दुपारी चार वाजता उठले, गहू, नारळ, खण पिशवीत घातलं, मास्क लावला, गाडीत जाऊन बसले. तो मत्रहला घेऊन गेला.

वन्सं पलंगावर, भोवती दोऱ्या बांधलेल्या बॅगा. मला बघून म्हणाल्या, "तोंड बांधून ओटी भरणारी भावजय पहिल्यांदा बघत्येय." कुंकू लावलं, ओटी भरली. वाकले नमस्काराला, तर त्यांनी गळ्यातच घेतलं आणि रडायला लागल्या. त्यांचं अंग गरम लागत होतं. मास्क कधी काढला आठवत नाही. मीच काढला, एवढं नक्की. दोन तास बसले.

२६ जुलै
घसा खवखवतोय. मिठाच्या गुळण्या, दिवसातून सहा. संध्याकाळी खोकला.

२८ जुलै
फॉर्म भरला. खोकला: हो. तारीख घातली. अरविंद मागे उभा होता. "नाही लिहिलं असतंस तर कुणाला कळणार होतं?" एवढी वर्षं पोरींना वर्गातून घरी पाठवलं, शिंकल्या म्हणून. त्याला तेवढंच सांगितलं. तो म्हणाला, ताईला मात्र हे कळवू नको. नाही कळवणार.

कॅम्पला वेगळं पत्र लिहून विचारलं, येऊ की नको?

२९ जुलै
उत्तर आलं. या. गोरिलांचा दिवस पोचल्यावर सहावा. त्या सकाळी तपासून ठरवू. नाहीतर हत्ती आहेत, पक्षी आहेत, कॅम्पच्या ओट्यावरून दिसतील तेवढे.

ओट्यावरून बघायला मी टेकड्या चढले नाही. पण जाणार.

३० जुलै, शनिवार
बॅग अठरा किलो. गमबूट पायातच घालून जाणार. वन्संचा फोन, त्यांचा खोकला गेला. "दिसली का गो माकडं?" अजून निघायचंय, म्हटलं. आवाज बसलाय का तुझा, त्यांनी विचारलं. एसीने, म्हटलं.

सकाळपासून खोकला नाही. दुपारी एकदा. अरविंदने गाडी काढली आहे.