तार सुटलेले हुलगे

आत्याबाई, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला येतं ते चौथीपुरतं, तरी लिहिते. ऐकायला तुम्ही नाहीत, आणि जो आहे त्याच्यापुढं बोलून उपयोग नाही. तुमच्या लेकाबद्दल लिहायचं आहे. तोंडावर मी अजून अहोच म्हणते, पण इथं एकेरी लिहिणार. तुम्ही आता काय करणार आहात?

तुमचा लेक म्हातारपणी नादाला लागला आहे. दारूच्या नाही, पत्त्याच्या नाही. तसलं असतं तर चार बायांनी हळहळ तरी केली असती. हा लागलाय जपानच्या एका खाण्याच्या नादाला. नात्तो म्हणतात त्याला. सोयाबीन मऊ शिजवायचं, गरम असतानाच काडात गुंडाळायचं आणि उबेला ठेवायचं. दुसऱ्या दिवशी उघडलं की भिजलेल्या झुलीसारखा वास येतो आणि दाणा उचलला की तार सुटते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, हनुवटीपर्यंत लोंबते. ते तो भाकरीवर घेऊन डोळे मिटून खातो. माझ्या हातचं खाताना इतक्या वर्षांत त्यानं डोळे मिटलेले मी पाहिले नाहीत.

झालं असं की गेल्या दुष्काळात आपल्याकडचा ऊस वाळला. थोरला आणि सून लांबच्या कारखान्याला तोडीला गेले. ह्याचे गुडघे गेलेले, म्हणून हा घरी. सोसायटीनं सोयाबीन घेऊन ठेवलेलं, त्याचं काहीतरी करून विकू म्हणून त्यांनी जपानची एक बाई बोलावली, सोबत तिचं बोलणं मराठीत सांगणारी पोरगी. हा गेला चहाच्या आशेनं, आणि परत आला तो नवीन लग्न झाल्यासारखा.

"तिकडं म्हणं रोज सकाळी खातेत. शंभरी गाठतेत लोकं."

"तिकडं प्यायला पाणी आसंल," मी म्हणलं.

"तुला प्रत्येक गोष्टीत खोड काढायचीच आसती."

आधी एक पेंडी केली, मग दोन, मग अख्खी कोठीची खोली नात्तोची झाली. तिकडं भाताचं काड वापरतात. आपल्याकडं भात कुठला, म्हणून ह्यानं गव्हाचं काड घेतलं. दुष्काळात गव्हाचं काड, आत्याबाई! गाईनं आधी काडाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी तिला म्हणलं, माझ्याकडं बघू नको, माझंही इथं कुणी ऐकत न्हाई. एकदा मी त्या दाण्यांना लसणाची खमंग फोडणी दिली, वास तरी मरावा म्हणून. तर धावून आला. "त्येचा जीव गेला ना! ते जितं आसतंय!" मी म्हणलं, मी पण जिती हाय, माझ्यासाठी कवा एवढं वरडलात?

तुमच्या जुन्या लुगड्यांची मी गोधडी शिवली होती, ती आता पेंड्यांवर असते. सारखा खोलीत जातो, गोधडीखाली हात घालतो, ऊब आहे का बघतो. लेकरं तापानं फणफणायची तेव्हा ह्यानं कुणाच्या कपाळाला हात लावल्याचं तुम्हाला आठवतं का? मला नाही आठवत.

पण मला दुसरं आठवतं, आणि तेच लिहायला बसले आहे. मोठ्या दुष्काळातला तलाव. आपण सगळे मातीकामावर, कडेला खोपटं. हुलगे तुम्ही युसूफ वडगावच्या बाजारातून पदराला बांधून आणलेले, ते खरं. मी नवी सून, थोरला पोटात. सरपण वाचावं म्हणून मी रात्रीच जास्तीचे हुलगे शिजवले, गरमच फडक्यात बांधले, आणि कुत्र्यांना सापडू नयेत म्हणून गव्हाच्या काडात खोल खुपसून ठेवले. दिवसभर वरून ऊन. संध्याकाळी सगळ्या बाया टोपल्या उतरवून बसल्यात. मी गाठोडं आणून देते. तुम्ही गाठ सोडता, दाणे उचलता, आणि तार सुटते.

"अगं बायांनो, बघा! हुलग्याला शेंबूड आला! तुझ्या आयनं हेच शिकवून धाडलं का गं तुला?"

बाया हसल्या. हसणारच, दुष्काळात हसू कुठं मिळत होतं. तुम्ही फडक्यासकट ते गाठोडं उकिरड्यावर भिरकावलं आणि म्हणालात, आज हिला भाकर नको. मी तुमच्या लेकाकडं बघितलं. तो मिठामिरचीसंगं भाकरी खात होता. मान वर न करता म्हणाला, "आय म्हणती ते खरं हाय." तेवढंच. त्या दिवसापासून तलावावर माझं नाव शेंबडी पडलं. तलाव झाला, गावाला आलो, तरी नाव मागं मागं आलं. थोरल्याच्या बारशाला पाळण्यापाशी एकीनं विचारलं, शेंबडीचं लेकरू कुणावर गेलं गं?

तुमच्यावरचा राग माझा झिजला. तुम्हीही उपाशी होतात, आणि उपाशी माणसाच्या हातातलं अन्न नासलं की तो ओरडतोच. पुढं मीही सुनेवर ओरडले. पण ह्याच्यावरचा राग झिजत नाही, कारण हा आता रोज माझ्यासमोर तार ओढतो.

मागच्या महिन्यात सोसायटीच्या अंगणात बाहेरगावची माणसं आली होती. हा नवा सदरा घालून मधोमध उभा. काडीवर दाणे घेतले, हात उंच केला. "तार बघा, तार! तार सुटली तरच खरा माल." माणसं फोटो काढायला लागली. ह्याला आता नात्तोवाले आबा म्हणतात. तीच तार, आत्याबाई. मी शेंबडी आणि हा नात्तोवाले आबा. मला राहवलं नाही. मागून मोठ्यानं म्हणलं, "मी केलती तवा उकिरड्यावर गेलती!" सगळे हसले. ह्यालाही वाटलं मी चेष्टाच केली.

घरी आल्यावर मात्र फुगला. "चारचौघांत कशाला बोललीस?"

"तुमच्या आयनं चारचौघांतच फेकलतं."

"काय फेकलतं?"

मी सगळं सांगितलं. तलाव, काड, हुलगे, भाकरी. मला काही पाय धरून माफी नको होती. तेव्हा तुझं काही चुकलं नव्हतं, एवढं एक म्हणाला असता तरी पुष्कळ झालं असतं. तो गुडघ्याला तेल चोळत म्हणाला, "मला न्हाई आठवत. आन् ते सडलं आसंल. हे सडल्यालं नसतंय, ह्याला शास्त्र हाय." मग उठला आणि पेंड्यांची ऊब बघायला गेला.

रोज म्हणतो, एक घास खाऊन तर बघ. मी म्हणते, मेले तरी तोंडाला लावणार न्हाई. त्याला वाटतं मला किळस येते.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, उद्या चुलीत जाईल, म्हणून लिहिते. तुम्ही पाठ फिरवून खोपटात गेलात, बाया पांगल्या, तेव्हा मी उकिरड्यावर गेले होते. गाठोडं अर्धं बांधलेलंच होतं. मी तिथंच बसून सगळे हुलगे खाल्ले, बोटांची तारसुद्धा चाटली. पोटात काही दुखलं नाही. आणि आत्याबाई, चव चांगली होती. ह्याला मी ते कधीच सांगणार नाही.